बेभरवशाच्या वाटेवरून

इंटरनेट आपल्याला कसलीच हमी देत नाही. तुम्ही पाठवलेला फोटो पोहोचेलच, वेळेत पोहोचेल, त्याचे तुकडे ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पोहोचतील, यातलं एकही वचन त्या जाळ्याने दिलेलं नाही. तरीही फोटो पोहोचतो, पैसे योग्य खात्यात जमा होतात आणि पुण्यातल्या आजीला शिकागोतला नातू रांगताना दिसतो. बेभरवशाच्या भागांतून भरवशाचं काम कसं उभं राहतं, हे एकदा कळलं की नेटवर्किंगमधले बहुतेक शब्द आपापल्या जागी बसतात. म्हणून या प्रकरणाची सुरुवात व्याख्यांनी न करता याच प्रश्नाने करू.

जुनी टेलिफोनव्यवस्था हमी देत असे. ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसलेली पिढी आजही आपल्यात आहे. ऑपरेटरने सोलापूरची लाइन जोडून दिली की मधल्या सगळ्या एक्स्चेंजांतून एक सलग वाट तुमच्यासाठी राखली जाई. तुम्ही बोला किंवा गप्प बसा, कॉल संपेपर्यंत ती वाट दुसऱ्या कोणाला मिळत नसे. या पद्धतीला सर्किट स्विचिंग म्हणतात. माणसांच्या बोलण्याला ती चांगली मानवते. संगणकांचं बोलणं मात्र निराळं असतं. संगणक क्षणभर भडाभडा बोलतो आणि मग बराच वेळ गप्प राहतो. त्या गप्प वेळेसाठी अख्खी लाइन अडवून ठेवणं कोणालाच परवडणारं नव्हतं.

यावरचा उपाय दोन माणसांना एकमेकांपासून दूर, वेगवेगळ्या कारणांसाठी सुचला. अमेरिकेत रँड या संस्थेतल्या पॉल बॅरन यांच्यापुढे शीतयुद्धातली चिंता होती : अणुहल्ल्यात मधली काही केंद्रं उद्ध्वस्त झाली तरी संदेश पोहोचला पाहिजे. त्यांचे यावरचे अहवाल १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या डोनाल्ड डेव्हिस यांना युद्धाशी देणंघेणं नव्हतं. एकच महागडा संगणक दूरदूरच्या अनेकांना एकाच वेळी कसा वापरता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. १९६५ च्या सुमारास तेही त्याच उत्तरापाशी आले. संदेशाचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहायचा आणि जी वाट मोकळी असेल तिने त्याला सोडून द्यायचं. तुकड्याला ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांनी दिलं. पद्धतीचं नाव पॅकेट स्विचिंग.

वऱ्हाडाने खास गाडी न करता मिळेल त्या एसटीने लग्नाला जावं, तसा हा प्रकार आहे. कोणी साताऱ्यावरून येईल, कोणी पंढरपूरवरून, एखादा मामा सगळ्यांच्या शेवटी पोहोचेल. पण प्रत्येकाच्या खिशात पत्ता छापलेली पत्रिका आहे आणि मांडवाच्या दाराशी कोण आलं, कोण राहिलं हे मोजणारं एक माणूस उभं आहे. पत्रिका आणि मोजणारं माणूस, या दोन्ही गोष्टी आता नीट पाहू.

एक पॅकेट हातात घेऊन उघडलं तर आत काय दिसेल? समजा तुम्ही फोनवर ‘नमस्कार’ लिहून पाठवलात. संगणकाच्या दृष्टीने त्यात सात चिन्हं आहेत : न, म, स, हलन्ताची खूण, क, काना आणि र. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे तुमचा नमस्कार २१ बाइटांचा झाला. या २१ बाइटांपुढे आधी साधारण २० बाइटांचं एक लेबल लागतं, मग त्यापुढे आणखी किमान २० बाइटांचं दुसरं. या लेबलाला हेडर म्हणतात. एका हेडरमध्ये पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. दुसऱ्यात तुकड्याचा अनुक्रम आणि तो कोणत्या कामाचा आहे याची खूण असते. म्हणजे मजकुराहून लेबलंच भारी! मोठ्या मजकुराला हा खर्च जाणवत नाही. घरातल्या आणि कार्यालयांतल्या बहुतेक नेटवर्कांवर एका पॅकेटची कमाल लांबी १५०० बाइट असते. त्यातले ४० बाइट हेडरांचे गेले तरी १४६० उरतात. तीन एमबीचा फोटो पाठवलात तर त्याची दोन हजारांहून अधिक पॅकेटं होतात आणि प्रत्येक पॅकेट स्वतंत्रपणे वाटेला लागतं.

आता पत्ता. प्रत्येक यंत्राला दोन पत्ते असतात आणि नवशिक्यांचा सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. पहिला मॅक पत्ता. तो ४८ बिटांचा असतो आणि नेटवर्कला जोडणाऱ्या चिपमध्ये कारखान्यातच घातलेला असतो. हा पत्ता फक्त जवळच्या जवळ उपयोगी पडतो : एकाच घरातल्या, एकाच कार्यालयातल्या यंत्रांना एकमेकांना ओळखण्यापुरता. दुसरा आयपी पत्ता. तो यंत्र कोणत्या जाळ्यात आहे त्यावर ठरतो, म्हणून घरी एक असतो आणि कॉलेजच्या वायफायवर दुसरा. दूरच्या प्रवासात हाच कामाला येतो. पॅकेट मुंबईहून लंडनला जाताना त्यावरचा लंडनचा आयपी पत्ता कायम राहतो. मॅक पत्ता मात्र प्रत्येक टप्प्यावर बदलतो, कारण त्याला फक्त पुढच्या एका टप्प्याचंच बघायचं असतं.

आयपी पत्त्याची जुनी आवृत्ती, म्हणजे आयपीव्ही ४, ३२ बिटांची आहे. त्यातून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते तयार होतात. ज्या काळात हे ठरलं त्या काळात ही संख्या न संपणारी वाटली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक कोठारातले शेवटचे मोकळे गट वाटून झाले. मग इतके अब्जावधी फोन चालतात कसे? तुमच्या फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन पाहा. पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा दिसेल, आणि शेजाऱ्याच्या फोनवरही तसाच दिसेल. हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत आणि ते घराबाहेर चालत नाहीत. घरातला राउटर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरचा खासगी पत्ता खोडून तिथे बाहेरचा एक सामाईक पत्ता लिहितो आणि कोणतं पॅकेट कोणाचं याची नोंद ठेवतो. उत्तर आलं की नोंद पाहून ते योग्य फोनकडे देतो. याला नॅट म्हणतात. कायमचा उपाय १२८ बिटांचा आयपीव्ही ६ हा आहे आणि भारतातल्या मोबाइल नेटवर्कांवर तो आज मोठ्या प्रमाणावर चालतो.

राउटर हा शब्द आपण घरातल्या त्या दिवे लुकलुकणाऱ्या डब्यासाठी वापरतो. खरं तर त्या एका डब्यात तीन-चार यंत्रं राहतात. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचं विजेच्या संकेतांत रूपांतर करणारं एक यंत्र. घरातल्या तारा एकत्र जोडणारा स्विच. वायफायचा अॅक्सेस पॉइंट. आणि खरा राउटर. स्विचचं जग मॅक पत्त्यापुरतं, घरापुरतं. राउटरचं काम एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात पॅकेट ढकलायचं. इंटरनेट म्हणजे अशी हजारो स्वतंत्र जाळी एकमेकांना राउटरांनी जोडलेली. त्या सगळ्याचा मालक कोणी एक नाही.

राउटरबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की त्याला पूर्ण वाट ठाऊक नसते. त्याच्याकडे एक तक्ता असतो. अमुक प्रकारचा पत्ता असेल तर अमुक दिशेला दे, एवढंच त्यात असतं. तो पुढच्या राउटरच्या हाती पॅकेट देतो आणि विसरून जातो. पॅकेट पोहोचलं का, हे तो विचारत नाही. त्याच्याकडची रांग भरली असेल तर नव्याने आलेलं पॅकेट तो सरळ टाकून देतो आणि बहुधा कोणाला कळवतही नाही. तक्त्यांत चूक असेल तर पॅकेट दोन राउटरांमध्ये फिरत राहू शकतं. म्हणून प्रत्येक पॅकेटवर एक आकडा लिहिलेला असतो, बहुधा ६४ किंवा १२८. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. शून्य झाला की पॅकेट संपवायचं आणि पाठवणाऱ्याला तेवढं कळवायचं.

या आकड्याचा एक सुरेख उपयोग केला गेला. मुद्दाम १ लिहून पॅकेट सोडलं तर पहिला राउटर ते मारतो आणि स्वतःचा पत्ता कळवतो. २ लिहिलं तर दुसरा कळवतो. असं करत वाटेवरचे राउटर ओळीने समोर येतात. विंडोजच्या काळ्या पडद्यावर ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा आणि पुढे एखाद्या संकेतस्थळाचं नाव टाकून पाहा. पहिली ओळ तुमच्या घरातल्या डब्याची, एकदोन मिलिसेकंदांची. दुसरी-तिसरी तुमच्या सेवादात्याची. मग आकडे हळूहळू वाढत जातात आणि मध्येच एखादी उडी दिसते, काहीच मिलिसेकंदांवरून एकदम शंभराच्या वर. तिथे बहुधा तुमचं पॅकेट समुद्रात शिरलेलं असतं. काही ओळींवर नुसते तारे दिसतात. तो राउटर असतो, पण असल्या चौकशीला उत्तर देत नाही. माझ्या मते नेटवर्किंग शिकणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी ही आज्ञा चालवून पाहावी. पाठ्यपुस्तकांतली नेटवर्कच्या सात थरांची नावं पाठ करण्याआधी.

आता मांडवातलं मोजणारं माणूस. टीसीपी हा नियमसंच ते काम करतो. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये त्याचा आराखडा प्रसिद्ध केला, आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट या अमेरिकी जाळ्याने आपला जुना नियमसंच सोडून टीसीपी आणि आयपी ही जोडी स्वीकारली. दोन संगणकांनी परस्परांशी कसं बोलायचं, याच्या अशा ठरलेल्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. टीसीपीची रीत साधी आहे. आधी तीन निरोपांची ओळख : बोलायचं का, हो बोलू, मग सुरू करतो. नंतर प्रत्येक तुकड्याला अनुक्रम. घेणारा ‘इथपर्यंत मिळालं’ अशी पोच देत राहतो. ठरावीक वेळेत पोच आली नाही तर पाठवणारा तो तुकडा हरवला असं समजून पुन्हा पाठवतो. उलटसुलट आलेले तुकडे घेणारा क्रमाने लावतो. हे सगळं फक्त दोन टोकांवर घडतं. मधल्या राउटरांना याचा पत्ताही नसतो. व्हिडिओ कॉलसारख्या कामात मात्र हरवलेल्या तुकड्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो, कारण तो येईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. तिथे पोच न मागणारा यूडीपी वापरतात.

‘पोच आली नाही तर पुन्हा पाठव’ हा नियम किती निरुपद्रवी वाटतो! ऑक्टोबर १९८६ मध्ये याच नियमाने इंटरनेटचा एक भाग जवळजवळ बंद पाडला. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिच्या पायथ्याशी असलेलं बर्कलीचं विद्यापीठ, दोन्हींमध्ये अंतर सुमारे ४०० यार्ड, म्हणजे आपल्या मापाने ३६६ मीटर. त्यांच्यातली जोडणी सेकंदाला ३२ हजार बिट वाहून नेत असे. एके दिवशी तो वेग ४० बिटांवर आला. आठशेपट घसरण. ४० बिट म्हणजे सेकंदाला इंग्रजीची पाच अक्षरं. त्यापेक्षा एका इमारतीतून दुसरीत चालत जाऊन सांगणं लवकर झालं असतं. तार तुटली नव्हती, यंत्र बिघडलं नव्हतं.

प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी विद्यापीठातल्या माइक कॅरल्स यांच्याबरोबर याचा माग काढला. झालं होतं ते असं. गर्दी वाढली तशा राउटरांतल्या रांगा लांबल्या. पॅकेटं हरवली नव्हती, नुसती रांगेत उभी होती. पण पोच यायला उशीर झाला म्हणून पाठवणाऱ्या संगणकांनी ती हरवली असं धरलं आणि पुन्हा पाठवली. त्यामुळे रांग आणखी लांबली, उशीर आणखी वाढला, प्रती आणखी निघाल्या. शेवटी तार पूर्ण भरलेली आणि तिच्यातून वाहतायत त्याच त्या पॅकेटांच्या प्रती. प्रत्येक संगणक नियमानेच वागत होता. प्रत्येकाचं स्वतःपुरतं वागणं बरोबर होतं. सगळ्यांचं मिळून सत्यानाश करणारं होतं.

उपाय त्यांनी १९८८ च्या निबंधात मांडला, आणि मला तो संगणकशास्त्रातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटतो. मधल्या राउटरांत काहीच बदलायचं नाही. रहदारी नियंत्रित करणारा कोणी मुकादम नेमायचा नाही. पाठवणाऱ्यानेच जाळ्याची नाडी ओळखायची. सुरुवातीला अगदी थोडी पॅकेटं सोडायची. त्यांची पोच आली की दुप्पट, मग पुन्हा दुप्पट. एखादं हरवलं की ती गर्दीची खूण मानून वेग एकदम उतरवायचा आणि मग जपून, पायरीपायरीने चढवायचा. पोच किती वेळात येते याचं मोजमापही सतत ताजं ठेवायचं, म्हणजे उशिराला हरवणं समजण्याची चूक होत नाही. पॅकेट हरवणं ही इथे नुसती अडचण राहिली नाही. ‘जरा दमाने’ हा निरोप तेच आणून देऊ लागलं. पुढे यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण गर्दी दिसली की आपण मागे सरायचं हा स्वभाव टिकला. मोठी फाइल उतरवताना वेगाचा आकडा आधी झपाट्याने चढतो आणि मग वरखाली होत राहतो, तो याच स्वभावामुळे. तुमचा फोन या क्षणीही अनोळखी लोकांसाठी वाट मोकळी ठेवतो आहे.

वेगाचा विषय निघालाच आहे तर एक घोटाळा दूर करू. जाहिरातीतले १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून फाइल उतरण्याचा वेग जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट. ही झाली बँडविड्थ, एका सेकंदात किती माल जाईल ते माप. लेटन्सी वेगळी. एका पॅकेटला जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो, ती लेटन्सी. महागडा प्लॅन घेऊन बँडविड्थ वाढते. लेटन्सीला मात्र निसर्गाची मर्यादा आहे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद. प्रत्यक्षातल्या केबल वळणं घेत जातात, म्हणून वेळ आणखी जास्त. परदेशी कॉलवर दोघं एकाच वेळी बोलू लागतात, मग एकाच वेळी थांबतात, त्यात या मर्यादेचाही वाटा असतो.

या केबल खरोखरच्या आहेत आणि त्यातल्या कितीतरी मुंबईच्या किनाऱ्यावर वर येतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात फ्लॅग आणि सी-मी-वी ४ या दोन केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रांगू लागलं. रांगू लागलं, पण थांबलं नाही. राउटरांनी एकमेकांना नव्या वाटा कळवल्या आणि पश्चिमेकडची बरीचशी रहदारी पूर्वेकडून वळली. बॅरन यांनी ज्या गुणासाठी ही पद्धत सुचवली होती, तो गुण इथे कामाला आला.

राहिलं नाव. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत. सुरुवातीला अर्पानेटवरच्या सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये होते. ती कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळत असे. नवा संगणक आला की त्यांना कळवायचं आणि बाकीच्यांनी ताजी फाइल उतरवून घ्यायची. जाळं वाढलं तसं हे अशक्य झालं आणि १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना केली. त्यात कोणाकडेच पूर्ण यादी नसते. नाव उजवीकडून वाचायचं. शेवटी ‘डॉट इन’ असेल तर मूळ सर्व्हर फक्त एवढंच सांगतो की ‘इन’ची माहिती अमक्याकडे आहे. तो अमका मग पुढच्याचा पत्ता देतो. मिळालेलं उत्तर काही काळ जवळ ठेवलं जातं, म्हणून दर वेळी हा फेरा पडत नाही.

या ‘डॉट इन’चा सांभाळ आरंभी मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत होत असे. एस. रमणी यांच्या नेतृत्वाखालची ही संस्था, आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून १९८६ पासून एर्नेट हे शैक्षणिक जाळं उभं केलं. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं त्याच्या बऱ्याच आधी, कारण विदेश संचार निगमची सेवा १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ हे डोमेनही मिळतं आणि मराठी नाव मराठीतच नोंदवता येतं. डीएनएसच्या जुन्या यंत्रणेला देवनागरी कळत नाही, म्हणून पडद्याआड त्या नावाचं ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत रूपांतर होतं. मराठी संस्थांनी या सोयीचा आहे त्याहून पुष्कळ अधिक वापर करायला हवा.

नाव, पत्ता आणि मधली वाट या तीन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळलं की ‘नेट बंद आहे’ या तक्रारीचेही तीन तुकडे करता येतात. संगणकावर ‘पिंग’ ही आज्ञा आणि पुढे राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, टाका. उत्तर आलं नाही तर दोष घरातच आहे, वायफाय किंवा तारेत. उत्तर आलं तर ‘पिंग’पुढे ८.८.८.८ टाका. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर आहे. इथून उत्तर येत नसेल तर डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा पाहा. तो लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही आणि सेवादात्याचा माणूस बोलवावाच लागेल. ८.८.८.८ कडून उत्तर येतं, पण संकेतस्थळाचं नाव टाकलं की काहीच उघडत नाही, असं असेल तर वाट ठीक आहे आणि अडलंय ते नावाशी. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस सर्व्हर म्हणून ८.८.८.८ लिहून बघा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.